रबर बँड, मेणबत्ती, व्हिनेगर: घरातल्या वस्तू कुठे चालतात आणि कुठे फसवतात

घरगुती युक्त्या दोन प्रकारच्या असतात. काहींच्या मागे त्या वस्तूचा एखादा खरा गुण असतो: मेण घसरतं, रबर दबून खाच भरतं, आम्ल गंज विरघळवतं. बाकीच्या नुसत्याच ऐकीव असतात. कुठला गुण कामाला येतोय हे कळलं की ती युक्ती कुठे चालणार नाही हेही आपोआप कळतं, म्हणून खाली प्रत्येक कृतीबरोबर कारणही दिलं आहे.

डोकं झिजलेला स्क्रू

फुलीचा स्क्रू झिजला की हात आपोआप जोरात फिरवायला लागतो, आणि उरलीसुरली फुलीही जाते. या स्क्रूची खाच खाली निमुळती असते. त्यामुळे फिरवताना ड्रायव्हरचं टोक वर उसळायला बघतं. ताकदीचा मोठा वाटा दाबण्यात गेला पाहिजे, फिरवण्यात थोडाच.

आधी टोकाचं माप बघा. घरातल्या बहुतेक फुलीच्या स्क्रूंना पीएच२ (पीएच म्हणजे फिलिप्स) टोक लागतं, बारीक स्क्रूंना पीएच१ किंवा पीएच०. लहान टोक मोठ्या खाचेत खुळखुळतं आणि कडा कातरतं. डोक्यावर मुख्य फुलीच्या मधल्या चार कोपऱ्यांत बारीक रेघा दिसत असतील तर तो पॉझिड्राइव्ह स्क्रू आहे. त्याला पीझेड टोक लागतं. साधं फिलिप्स टोक त्यात बसल्यासारखं वाटतं, पण जोर लावला की निसटतं. कितीतरी स्क्रू केवळ या गल्लतीने खराब होतात.

टोक बरोबर असूनही पकड येत नसेल तर या क्रमाने जा:

१. खाचेतला रंग, गंज, धूळ टाचणीने कोरून काढा. अर्ध्या वेळा अडचण एवढीच असते.

२. टोक खाचेत बसवून ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचे दोन-तीन बेताचे टोले द्या. टोक खोल बसतं आणि धक्क्याने गंजाची पकडही ढिली होते. मूठ प्लास्टिकची असेल तर टोले हलकेच.

३. पाच-सहा मिलिमीटर रुंद, चपटा रबर बँड कापून त्याचा एक थर डोक्यावर ठेवा, वरून टोक दाबा आणि अगदी हळू फिरवा. रबर दबून झिजलेल्या जागा भरतं. बारीक गोल रबर बँड इथे उपयोगाचा नाही, तो लगेच तुटतो. रबर फाटत असेल तर तारेच्या घासणीचा चिमूटभर तुकडा घ्या. पॉवर ड्रिल वापरत असाल तर सर्वांत कमी वेगावर.

४. डोकं पृष्ठभागाच्या वर असेल तर हॅकसॉच्या पात्याने आडवी खाच पाडा, डोक्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत. मग चपट्या ड्रायव्हरने काढा. याहून खोल गेलात तर डोक्याचे दोन तुकडे होतात.

५. तेही जमलं नाही तर लॉकिंग पक्कड डोक्याच्या कडांवर घट्ट आवळून फिरवा.

रबर बँडची युक्ती अर्धवट झिजलेल्या डोक्यासाठी आहे. खाच पूर्ण गोल वाटीसारखी झाली असेल, किंवा स्क्रू आतून गंजून जाम झाला असेल, तर रबरावर वेळ घालवू नका, सरळ चौथ्या पायरीवर या.

जाम नटबोल्टचं वेगळं. सोडवण्याआधी नट किंचित आवळायच्या दिशेने रेटा. गंजाचा थर मोडायला ती दिशा बऱ्याचदा सोपी जाते. मग गंज सोडवणारं पातळ तेल सोडून १५ ते ३० मिनिटं थांबा आणि नटाच्या बाजूंवर हलके टोले देत राहा, म्हणजे तेल आट्यांत उतरतं. दुसरी रीत मेणाची: नट तापवा आणि गरम असतानाच आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण बारीक फटीतून आत ओढलं जातं. दोन्ही रीती एकत्र मात्र कधीच नाहीत. ज्यावर तेल किंवा स्प्रे मारला आहे तो नट ज्योतीने तापवायचा नसतो.

लाकडातलं भोक सैल झालं

बिजागरीचा स्क्रू नुसताच गोल फिरतो, याचा अर्थ लाकडातले आटे गेले. मोठा स्क्रू ठोकणं हा पहिला मोह, पण त्याचं डोकं बिजागरीच्या खळग्यात बसत नाही आणि दार नीट मिटत नाही. त्यापेक्षा भोक भरा.

काडेपेटीच्या काड्यांची गुलं तोडून टाका. भोकात लाकडाचा पांढरा गोंद (पीव्हीए) सोडा, काड्यांना गोंद लावून त्या एकेक करून दाबत जा, पुढची काडी जाईनाशी होईपर्यंत. नेहमीच्या भोकाला तीन ते पाच काड्या लागतात. बाहेर आलेला भाग पटाशीने किंवा धारदार सुरीने सपाट कापा. २४ तास वाळू द्या. मग मध्यभागी बारीक भोक पाडून स्क्रू बसवा.

घाई करून ओल्या गोंदातच स्क्रू पिळला तर काड्या खाली ढकलल्या जातात आणि भोक वरच्या तोंडाशी पुन्हा रिकामं राहतं. हलक्या खुंटीला तेही चालून जातं, दाराला नाही. काड्यांचे धागे स्क्रूच्याच दिशेने उभे असतात, त्यामुळे ही पकड आडव्या धाग्यांतल्या मूळ पकडीपेक्षा कमीच राहते. जड दारासाठी भोक ८ किंवा १० मिलिमीटरचं करून त्यात कठीण लाकडाची गोल खुंटी गोंदाने ठोकावी. पार्टिकल बोर्डला तर हाच उपाय, कारण तिथे भोकाच्या कडा भुशासारख्या सुटतात आणि काड्यांना धरायला काही उरतच नाही. भिंतीचा प्लास्टिक प्लग पातळ फळीत ठोकू नका. स्क्रू शिरला की तो फुगतो आणि फळी चिरते.

खिळ्यानेही फळी चिरते, विशेषतः टोकाजवळ. खिळ्याचं डोकं दगडावर किंवा लोखंडावर टेकवून टोकावर हातोडीचा एक टोला द्या. बोथट झालेलं टोक धागे चिरडत जातं, अणकुचीदार टोक पाचरीसारखं धागे फाकवतं. बारीक चुका ठोकताना बोटं वाचवायची असतील तर जुन्या कंगव्याच्या दात्यांत किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यात चूक अडकवून धरा.

घसरवणाऱ्या वस्तू: मेण, पेन्सिल, खडू

कठीण लाकडात स्क्रू जात नसेल तर आट्यांवर मेणबत्ती घासा. पुष्कळ जण साबण वापरतात. साबणाने स्क्रू सहज जातो खरा, पण साबण हवेतली ओल ओढून धरतो आणि स्क्रू लाकडाच्या आत गंजत बसतो. वर्षा-दोन वर्षांनी काढायला गेलात की डोकं तुटून हातात येतं. मेणाला हा दोष नाही.

मेण लावलं तरी पायलट भोक (स्क्रूच्या आधी पाडायचं बारीक भोक) टाळू नका. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात २ ते २.५ आणि कठीण लाकडात ३ मिलिमीटरचं भोक पुरतं. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पूर्ण पिळून काढा, मग पितळी बसवा. पितळ मऊ असतं, आटे पाडण्याचं काम त्याच्यावर सोपवलं तर मान मोडते.

हेच मेण लाकडी ड्रॉवरच्या खालच्या पट्ट्यांवर, हातकरवतीच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि अडकणाऱ्या चेनच्या (झिपच्या) दात्यांवरही चालतं. ज्या जागी नंतर गोंद किंवा पॉलिश लावायचं आहे तिथे मात्र मेणाचा हात लागता कामा नये, वर काही चिकटत नाही. चाकं असलेल्या धातूच्या ड्रॉवर पट्ट्यांनाही मेण नको. चाक फिरायला हवं, घसरायला नको.

कुलूप जड झालं तर खाण्याचं तेल घालू नका. ते हवेत हळूहळू घट्ट होतं, धूळ धरतं आणि आतल्या पिना चिकटतात. ४बी किंवा ६बी पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना आणि दात्यांना भरपूर घासा, किल्ली आठ-दहा वेळा आतबाहेर करा, फिरवून बघा, निघालेली काजळी पुसा. पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते. मऊ पेन्सिलीत मातीचं प्रमाण कमी, म्हणून एचबीपेक्षा ६बी बरी. कुलपात आधीच कुणी तेल सोडलेलं असेल तर ग्राफाइट त्यात मिसळून काळा चिखल होतो, तेव्हा आधी ते स्वच्छ करा. ग्राफाइटमधून वीज वाहते. स्विच, प्लग, सॉकेट यांच्या आसपास ही पूड नको.

करकरणाऱ्या बिजागरीला पेट्रोलियम जेली. एका वेळी एकच बिजागरी घ्या, नाहीतर दार खाली येईल. खालून खिळा टेकवून पिन वर ठोका, तारेच्या घासणीने साफ करा, जेलीचा पातळ थर लावून परत बसवा. नुसतं वरून तेल सोडलं तर आवाज थोडे दिवस थांबतो, आतली घाण तिथेच राहते.

डब्ल्यूडी-४० बद्दलचा एक गैरसमज इथेच मिटवू. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवलं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, आणि नावाचा अर्थही तोच: पाणी हटवणारं, चाळीसावं सूत्र. जाम सोडवायला, ओल घालवायला ते उत्तम. बिजागरी, सायकलची साखळी अशा सतत फिरणाऱ्या जागी त्याचा हलका थर टिकत नाही, त्यावर नंतर तेल किंवा ग्रीस लागतंच.

खडू मात्र घसरवण्यासाठी नाही. कानशीच्या दातांत ॲल्युमिनिअम किंवा पितळ अडकून बसतं आणि तो कण पुढच्या घासण्यात खोल ओरखडा काढतो. काम सुरू करण्याआधी कानशीवर साधा पांढरा खडू घासा. दातांमधली जागा पुडीने भरलेली असली की कण रुतत नाहीत, तारेच्या ब्रशने झटकले की निघतात. कानशीला तेल कधी लावू नये.

व्हिनेगरने गंज काढणं

स्वयंपाकाच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. गंज त्यात विरघळतो, आतलं लोखंडही विरघळतं, पण बरंच हळू. या वेगातल्या फरकावर सगळी कृती उभी आहे, म्हणून वेळ महत्त्वाचा.

पक्कड, पाना, पटाशी यांसारखं अवजार आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. तेलकट जागी आम्ल पोचत नाही आणि गंजाचे ठिपके राहतात. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात अवजार पूर्ण बुडेल एवढं व्हिनेगर घ्या. अर्धवट बुडालं तर पातळीच्या रेषेवर, जिथे हवा आणि आम्ल दोन्ही भेटतात, धातू जास्त खाल्ला जातो आणि कायमची रेघ उमटते. झाकण घट्ट लावू नका, लोखंड आणि आम्लातून हायड्रोजन वायू निघतो.

हलक्या गंजाला तीन-चार तास पुरतात, जुन्याला १२ ते २४ तास. मधून मधून काढून जुन्या टूथब्रशने किंवा पितळी ब्रशने घासून बघा. गंज निघाला की बाहेर. विसरून दोन-तीन दिवस ठेवलं तर पृष्ठभागावर खळगे पडतात आणि पटाशीसारख्या अवजाराची धार जाते.

बाहेर काढल्यावरच्या दहा मिनिटांत बहुतेकांचं काम बिघडतं. आम्लातून निघालेलं उघडं लोखंड हवेत बघता बघता नारिंगी होतं. म्हणून सगळं आधीच हाताशी ठेवा: एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा, कोरडं फडकं, हेअर ड्रायर, मशीनचं तेल. सोड्याच्या पाण्यात अवजार दहा मिनिटं ठेवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. साध्या पाण्याने खळखळून लगेच पुसा, सांध्यांमध्ये गरम हवा मारा आणि कोमट असतानाच तेल लावा. पृष्ठभाग करडा-काळसर दिसेल, तो तसाच असतो. चकाकी हवी तर बारीक पॉलिश पेपर मारा.

काय बुडवायचं नाही, ती यादी मोठी आहे आणि ती पाळायला हवी. जस्ताचा मुलामा असलेले खिळे, पत्रे, तारा यांच्यावरचं जस्त आधी विरघळतं आणि गंजापासून असलेलं संरक्षणच जातं. ॲल्युमिनिअम आणि पितळाचे भाग नकोत. स्प्रिंग आणि डोक्यावर १०.९ किंवा १२.९ आकडा कोरलेले बोल्टही नकोत: अशा कठीण पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि ताणाखाली अचानक तुटतं. मोजपट्टी, गुण्या यांवरच्या खुणा पुसट होतात. क्रोमवर बारीक गंज असेल तर व्हिनेगर बाजूला ठेवा आणि ॲल्युमिनिअम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासा. ॲल्युमिनिअम क्रोमपेक्षा बरंच मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत, गंज मात्र सुटतो.

नळाच्या जाळीवर, शॉवरवर जमणारा पांढरा थर हा मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. त्याच्यावरही व्हिनेगर चालतं. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून पिशवी शॉवरला रबर बँडने बांधा, जाळी बुडलेली राहील अशी. मुलामा दिलेला नळ असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, प्लास्टिकच्या शॉवरला दोन तास ठीक. किटलीसाठी सायट्रिक ॲसिड बरं, वास राहत नाही: एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, उकळा, वीस मिनिटं ठेवा, ओता, साध्या पाण्याने एकदा उकळून तेही फेका.

संगमरवर स्वतःच कॅल्शिअम कार्बोनेट आहे. त्याच्यावर व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, लिंबू यांपैकी काहीही पडलं तर चकाकी जाते आणि ती घासून-पुसून परत येत नाही. फरशीच्या सांध्यातलं सिमेंटही आम्लाने झिजतं.

आणि ब्लीच. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. दोन्ही विषारी आहेत. एका दिवशी एकच रसायन वापरा.

तुंबलेला सिंक, आणि सोडा-व्हिनेगरचा फेस

सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फसफस फेस येतो आणि पाईप साफ होतो, असं सर्रास सांगितलं जातं. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारून पाणी आणि सोडिअम ॲसिटेट उरतं, जे ना तेल सोडवतं ना केस. १०० मिलिलिटर व्हिनेगर जेमतेम दीड चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, सोड्यात संपून जातं. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे: सोडा ओलसर करून घासायला, व्हिनेगर क्षार काढायला.

तेलकट साठ्याला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण लागतो. दोन मोठे चमचे साबण सोडून दोन-तीन लिटर गरम पाणी एकदम ओता. उकळतं नको: पीव्हीसीचा पाईप आणि त्याचे रबरी वायसर तेवढ्या उष्णतेने मऊ पडतात. हात फार वेळ ठेववणार नाही पण चटकाही बसणार नाही, एवढं गरम पुरे.

त्याने भागलं नाही तर पंप. सिंकमध्ये पंपाची वाटी बुडेल एवढं पाणी हवं, हवा दबते आणि पाणी दबत नाही म्हणून. ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने गच्च बंद करा. हे विसरलं की सगळा जोर त्या भोकातून निघून जातो आणि पंप निकामी आहे असं वाटतं. पंधरा-वीस वेळा सलग दाबा-ओढा, शेवटी झटक्याने उचला. नाल्यात आधी कुणी दाहक रसायन ओतलं असेल तर पंप मारू नका, ते तोंडावर उडतं. पंपानेही नाही सुटलं तर खाली बादली ठेवून ट्रॅपचा (सिंकखालच्या वळणदार पाईपचा) नट हाताने सोडा. बहुतेक बोळा तिथेच सापडतो. परत लावताना वायसर उलटा बसला की थेंब थेंब गळतं.

सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा

तुटलेला प्लास्टिकचा कोपरा, चिरलेली मूठ, मोठं झालेलं स्क्रूचं भोक भरायला ही जोडी चांगली. चिरेत सोडा भरा, वर पातळ सुपरग्लूचा थेंब टाका. काही सेकंदांत दगडासारखं होतं, कानशीने घासता येतं, भोकही पाडता येतं. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. आत गोंद पोचत नाही आणि कोरडी पूड राहते. या क्रियेत उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, खिडकी उघडी ठेवा. सांधा कडक पण ठिसूळ होतो. जिथे वाकणं किंवा आपटणं आहे तिथे तो टिकणार नाही.

हा गोंद, सायनोॲक्रिलेट, १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या गटाच्या हाती लागला, तेव्हा सगळ्याच गोष्टींना चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला आणि १९५८ मध्ये बाजारात आला. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. यातून वापराचे दोन नियम निघतात: थर जितका पातळ तितकी पकड लवकर, आणि उघडी बाटली दमट हवेत लवकर मरते. बाटली सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट बरणीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय टोपण उघडू नका, नाहीतर आत दव जमतं.

सुपरग्लू सगळ्या प्लास्टिकला चिकटत नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ४ (पॉलिथिन) अथवा ५ (पॉलिप्रॉपिलिन) असेल तर वेळ घालवू नका. तिथे वितळवून जोडणं किंवा स्क्रू-रिव्हेट हाच उपाय. सुती हातमोजे घालून हा गोंद वापरू नये: कापसाच्या धाग्यांत तो इतका झपाट्याने तापतो की भाजू शकतं. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पेन्सिल लोळवल्यासारखी सोडवा.

सायकलची जुनी ट्यूब

ही फेकू नये. गळणाऱ्या पाण्याच्या पाईपवर तात्पुरता इलाज म्हणून: पाणी बंद करा, जागा पुसून कोरडी करा, ट्यूब लांब फाडून ३ सेंटीमीटर रुंद पट्टी काढा आणि ती ताणून ताणून गुंडाळा, प्रत्येक वळसा आधीच्यावर निम्मा चढवत, गळतीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर. वरून दोन होज क्लिप आवळा. ढिली गुंडाळलेली पट्टी काहीच करत नाही, काम ताणाचं असतं. नवा पाईप लागेपर्यंत एवढंच.

त्याच ट्यूबच्या कापलेल्या चकत्या उत्तम रबर बँड होतात, शिकंज्याच्या जबड्यांत ठेवल्या की पॉलिश केलेल्या वस्तूवर दात उमटत नाहीत, आणि हातोडीच्या दांड्यावर चढवल्या की मूठ घसरत नाही. पण बहुतेक ट्यूब ब्यूटाइल रबराच्या असतात आणि खनिज तेलात हे रबर फुगून मऊ होतं. इंधनाच्या किंवा तेलाच्या नळीवर ती लावू नका. गॅसच्या नळीवर तर अजिबातच नाही, तिथे नळी बदलायची.

मोजणं आणि भोकं पाडणं

गुण्या नसताना काटकोन काढायला ३-४-५ चा हिशेब: एका कडेवर ६० सेंटीमीटरवर खूण, दुसरीवर ८० वर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० आलं की कोन काटकोन. मोठ्या कामाला आकडे दुप्पट करा, चूक लहान होते. ओळंबा हवा तर दोऱ्याला जड नट बांधा.

दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण हवी असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरा. दोन्ही टोकं उघडी ठेवली की पाणी एकाच पातळीवर थांबतं, मध्ये कोपरा आला तरी. नळीत एकही बुडबुडा नको. पातळी चुकण्याचं नेहमीचं कारण तेच. टोक बोटाने बंद असेल तरीही पातळी खोटी येते.

फ्रेमच्या मागच्या अडकवण्याच्या कडीवर टूथपेस्टचा ठिपका लावा, फ्रेम हवी तिथे धरून भिंतीवर दाबा. ठिपका उठतो तिथे खिळा. पुसला की गेला.

ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला मास्किंग टेपचं निशाण गुंडाळा. गुळगुळीत टाइलवर टेपची फुली चिकटवून मधोमध भोक पाडा, पातं सरकत नाही, आणि टाइल ओलांडेपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. भिंतीवर खाली दुमडलेला कागद टेपने लावला की भुकटी त्यात पडते. लोखंडाचा कीस गोळा करताना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक काढून घ्या. उघड्या चुंबकाला चिकटलेला कीस काढत बसायची वेळ येत नाही.

ज्यांच्या नादी लागू नये

टूथपेस्टने भिंतीतली भोकं बुजवणं: वाळली की आकसते, चिरते, रंग धरत नाही. पुट्टी वापरा. टूथपेस्टने गाडीच्या पिवळ्या हेडलाइट घासल्या तर काच उजळते खरी, पण बरोबर वरचा संरक्षक थर जातो आणि थोड्या महिन्यांत आणखी पिवळी पडते.

फॉइल किंवा पॉलिश पेपर कापून कात्रीला धार येते हे अर्धसत्य. धारेवरचा बारीक वळलेला काठ सरळ होतो, म्हणून चार दिवस बरं कापतं. धार तयार होत नाही. सुरीला मात्र चिनीमातीच्या मगचा तळ चालतो, तिथली बिनचकाकीची खरबरीत कड. पात्याची पाठ किती उचलायची ते असं मोजा: पातं ४० मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १० ते १४ मिलिमीटर वर, म्हणजे १५ ते २० अंशांचा कोन. हलक्या दाबाने, बाजू बदलत, पंधरा-वीस वेळा. कोन दर फेरीला बदलला तर धार गोल होते.

फुटलेला बल्ब होल्डरमध्ये बटाटा खुपसून काढतात. बटाट्यात पाणी असतं आणि काचेने तो चिरतो. मेन स्विच बंद करा, चष्मा लावा, लांब नाकाच्या पक्कडीने धातूची कड धरून फिरवा.

तारेची घासणी आणि ९ व्होल्टची बॅटरी एका खणात ठेवू नका. बॅटरीच्या दोन्ही टोकांना घासणी टेकली की तार पेटते. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकणं त्याहून धोक्याचं. तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता निघते, बोळ्याच्या आतून ती बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेट घेतं. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.